पाचोळ्याचा जमाखर्च : जंगलात पाने किती गळतात, किती वेगाने कुजतात आणि त्यात हवामानाचा हात किती, हे मोजायचे कसे

जंगलात शिरल्यावर पायाखाली घोटाभर पाचोळा लागला की ‘इथली झाडे भरपूर पाने टाकतात’ असे आपण सहज म्हणून जातो. बरेचदा ते चूक असते. पायाखालचा थर ही शिल्लक आहे. झाडांनी टाकलेली पाने ही जमा, आणि बुरशी, जिवाणू, गांडुळे, वाळवी यांनी संपवलेली पाने हा खर्च. शिल्लक मोठी दिसते ती जमा मोठी म्हणून की खर्च कमी म्हणून, हे नुसत्या शिलकीकडे बघून कळत नाही.

थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात वर्षाला हेक्टरी साधारण १ ते ३ टनच पाचोळा पडतो, पण तो साठत साठत गादीसारखा होतो. विषुववृत्ताजवळच्या पर्जन्यवनात हेक्टरी ८ ते १२ टन पडतो, आणि तिथे वरची चार पाने बाजूला केली की थेट माती लागते. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात तर याहून बोलके उदाहरण आहे. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या त्या पट्ट्यात मूळची गांडुळे उरली नव्हती. युरोपातून आलेल्या माणसांबरोबर गांडुळे आली, जंगलात शिरली, आणि शतकानुशतके जमलेला पाचोळ्याचा थर काही वर्षांत नाहीसा झाला. झाडे तीच होती, पानगळ तेवढीच होती, फक्त खर्च वाढला.

म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे : जमा वेगळी मोजा, खर्च वेगळा मोजा, शिल्लक वेगळी मोजा. तापमान, ओल, ऊन, माती यांचा परिणाम या तिघांवर सारखा होत नाही. तीन आकडे हातात असले तरच कोणत्या घटकाने कुठे हात घातला ते सांगता येते.

पहिली पायरी : तुलना कशाची, ते ठरवा

‘हवामानाचा परिणाम बघायचा आहे’ हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. प्रश्न असा हवा : एकाच डोंगराच्या उन्हाच्या उतारावर आणि सावलीच्या उतारावर पाने वेगवेगळ्या वेगाने कुजतात का? पायथ्याशी आणि माथ्याशी पानगळीचा काळ पुढेमागे होतो का? दाट छत्राखाली (झाडांच्या शेंड्यांनी मिळून केलेल्या छपराखाली) आणि झाड पडून उघडी झालेल्या जागेत काय फरक पडतो? एका वेळी एकच गोष्ट बदलेल अशा जागा निवडा. उंचीही बदलली आणि झाडांच्या जातीही बदलल्या, तर वर्षाच्या शेवटी कोणाला श्रेय द्यायचे याचा पत्ता लागत नाही.

आणखी एक सापळा असा, की एकाच उतारावर वीस पिशव्या ठेवल्या म्हणजे वीस निरीक्षणे झाली असे वाटते. उताराचा परिणाम तपासायचा असेल तर ते एकच निरीक्षण आहे, वीस वेळा केलेले. प्रत्येक प्रकारच्या निदान तीन-चार वेगवेगळ्या जागा घ्या. पिशव्या कमी झाल्या तरी चालतील, जागा कमी नकोत.

दुसरी पायरी : जमा मोजणे

यासाठी लागते ती जाळीची उथळ टोपली. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे पाव चौरस मीटर तोंडाची चौकट, तिला १ ते २ मिलिमीटर छिद्रांची नायलॉन जाळी झोळीसारखी लावलेली, आणि चार खुंटांवर जमिनीपासून साधारण एक मीटर उंच. एका जागेत अशा दहा ते वीस टोपल्या हव्यात. त्या कुठे लावायच्या हे चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक आकड्यांनी ठरवा. ‘इथे छान पाने पडतात’ म्हणून जागा निवडली की मोजमापात आपली आवड शिरते.

झोळीचा तळ जमिनीला टेकता कामा नये आणि त्यात पाणी साचता कामा नये. पहिल्या वर्षी मी स्वस्तात मिळाली म्हणून बारीक विणीची जाळी वापरली. पावसात तिच्यात पाणी तुंबले, पाने टोपलीतच कुजायला लागली, आणि जमेच्या वहीत चक्क खर्च शिरला. तो हंगाम वाया गेला. तेव्हापासून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा टोपल्या रिकाम्या करतो. पानगळीचा नेमका आठवडा पकडायचा असेल तर त्या काळात दर आठवड्याला जावे लागते.

गोळा केलेला माल घरी आणून चार ढिगांत वेगळा करा : पाने, बारीक काटक्या, फुले-फळे-बिया, आणि उरलासुरला चुरा. २ सेंटिमीटरपेक्षा जाड फांद्या या हिशेबात धरत नाहीत. त्या अधूनमधून पडतात आणि एका टोपलीत एक फांदी पडली की सरासरी बिघडते. बहुतेक जंगलांत एकूण वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश पानेच असतात. ढीग वेगळे करण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका. ओक, बीच यांसारखी झाडे काही वर्षी फळांनी लदबदतात. अशा वर्षी एकूण वजन फुगते आणि पानगळ वाढली असा भास होतो.

मग ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. साधारण ४८ तास पुरतात. ओल्या पानाच्या वजनाला काही अर्थ नाही, कारण त्यात किती पाणी आहे ते कालच्या पावसावर ठरते.

आकडे वाचताना पाने का गळतात हे डोक्यात असू द्या. समशीतोष्ण पानझडी जंगलात लहान होत जाणारा दिवस आणि थंडी हे मुख्य इशारे असतात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक सुटा थर तयार होतो आणि पान अलगद वेगळे होते. उष्ण प्रदेशातल्या ऋतुमानी जंगलात कारभार पाण्याचा असतो. जमिनीतली ओल संपत आली की पानातून उडणारे पाणी झाडाला परवडत नाही आणि ते पाने टाकून मोकळे होते. पाऊस लवकर आटोपला की पानगळ पुढे सरकते, अवकाळी पाऊस झाला की लांबते. सदाहरित जंगलात ‘पानगळ नसते’ हा गैरसमज आहे. तिथे वर्षभर थोडी थोडी गळते. ॲमेझॉनच्या मोठ्या भागात तर कोरड्या महिन्यांत ती जोर धरते आणि त्याच काळात नवी पालवीही फुटते, कारण तेव्हा आभाळ मोकळे असते आणि ऊन भरपूर मिळते.

वादळाची पाने मात्र वेगळ्या पाकिटात ठेवा. १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळाने पोर्तो रिकोच्या लुकिलो जंगलात एका दिवसात वर्षभराहून जास्त पाचोळा जमिनीवर आणला. प्रश्न फक्त ढिगाचा नाही. झाड स्वतःहून पान टाकते तेव्हा त्यातले जवळपास निम्मे नत्र आधी काढून घेते. वादळाने किंवा गारपिटीने ओरबाडलेले हिरवे पान भरल्या पोटाने पडते, म्हणून ते कुजतेही लवकर. दोन्ही एकाच ढिगात घातली तर पुढच्या पायरीचे उत्तर बिघडते.

तिसरी पायरी : हवेची नोंद पानाच्या पातळीवर

हवामान केंद्राचा आकडा दीड-दोन मीटर उंचीवरच्या, मोकळ्या जागेतल्या हवेचा असतो. पान कुजते ते छत्राखाली, जमिनीला चिकटून. तिथले तापमान दुपारी बरेच कमी असू शकते आणि ओल जास्त. म्हणून तापमान नोंदवणारा छोटा लॉगर पाचोळ्याच्या थरातच, ऊन लागणार नाही असा ठेवा. पर्जन्यमापकही दोन हवेत : एक उघड्यावर, एक झाडांखाली. छत्र पावसाचा काही भाग वरच्या वर अडवते, आणि किती अडवते ते जंगलागणिक बदलते.

पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा पाचोळा किती दिवस ओला राहिला याची नोंद जास्त कामाची. चार दिवसांत कोसळून गेलेला पाऊस आणि महिनाभर झिरपत राहिलेला तेवढाच पाऊस, दोन्हींचा परिणाम एक नसतो. दर फेरीला मूठभर पाचोळा हवाबंद डब्यात घ्या, ओला असताना वजन करा, वाळवून पुन्हा करा. उडालेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की ओलीचे शेकडा प्रमाण मिळाले. वर्षातून एकदा मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता) तपासा. इतके पुरे.

चौथी पायरी : खर्च मोजणे

जाळीच्या पिशवीत पाने भरून ती जमिनीवर ठेवायची, ठरावीक काळाने उचलायची आणि किती वजन उरले ते बघायचे. ही पद्धत १९५० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिच्या साधेपणामुळेच टिकून आहे. बारकावे मात्र बरेच आहेत.

पाने ताजी गळलेली घ्या. शक्यतो झाड हलवून किंवा खाली चादर अंथरून गोळा करा. जमिनीवर आठवडाभर पडलेल्या पानात बुरशी आधीच शिरलेली असते. ही पाने ओव्हनमध्ये वाळवू नका. सावलीत, हवेवरच वाळवा. उष्णतेने पानाची घडण बदलते आणि ते वेगळ्या रीतीने कुजते. मग कोरडे वजन कसे कळणार? त्याच ढिगातले पाच-सहा छोटे नमुने ओव्हनमध्ये वाळवा, हवेवर वाळलेल्या पानात किती टक्के पाणी उरले होते ते काढा आणि तेवढी वजावट सगळ्या पिशव्यांना लावा.

२० बाय २० सेंटिमीटरची पिशवी आणि तिच्यात १० ग्रॅम पाने हे सोयीचे माप आहे. प्रत्येक पिशवीत ॲल्युमिनियमची नंबर कोरलेली पट्टी टाका, कारण पेनाची शाई दोन पावसांत जाते. छिद्रे किती मोठी, हा खरा निर्णय. ०.१ मिलिमीटरच्या आसपासच्या जाळीतून बुरशीचे तंतू आणि जिवाणूच आत जातात. २ मिलिमीटरच्या जाळीतून माइट, स्प्रिंगटेल यांसारखे बारीक जीव जातात. ५ मिलिमीटर किंवा अधिक ठेवली तर गांडुळे आणि वाणी हे बहुपाद किडेही आत शिरतात, पण पानांचा चुरा त्याच छिद्रांतून गळतो आणि न कुजता हरवलेले वजन कुजल्यासारखे दिसते. हाताशी माणसे असतील तर तिन्ही प्रकार एकमेकांशेजारी ठेवा. त्यांच्यातल्या फरकावरून पाने कुरतडणाऱ्या जिवांचा वाटा किती ते उमगते. एकच ठेवता येणार असेल तर २ मिलिमीटरची ठेवा.

पिशवी पुरू नका. जिथे पान नैसर्गिकरीत्या पडते तिथेच, मातीला नीट टेकून, कोपऱ्यांना खिळे मारून ठेवा. उचलण्याचे वेळापत्रक सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ असू द्या : १, २, ३, ६, ९ आणि १२ महिने, आणि दर वेळी प्रत्येक जागेतून निदान चार पिशव्या. शिवाय चार-पाच जादा पिशव्या जंगलात न्या, जमिनीवर ठेवा आणि त्याच दिवशी परत आणा. प्रवासातल्या धक्क्यांनी किती चुरा सांडतो ते यांतून कळते. ही पिशव्यांची ‘सहल’ लोकांना हास्यास्पद वाटते, पण ठिसूळ पानांच्या बाबतीत तिच्यावाचून शून्य महिन्याचा आकडाच चुकतो.

परत आणल्यावर आत शिरलेली मुळे, माती, किडे चिमट्याने काढा, वाळवा, वजन करा. माती पूर्ण निघत नाही, म्हणून शक्य असेल तर नमुन्याचा थोडा भाग भट्टीत ५०० अंशांच्या आसपास जाळून राख मोजा आणि मूळ पानातल्या राखेच्या प्रमाणाशी ताडून मातीचे वजन वजा करा. हे केले नाही तर कधी कधी पिशवी सहा महिन्यांनी ‘वजनदार’ झालेली निघते.

इतक्या सामानाची ऐपत नसेल तर चहाच्या पिशव्यांची सोपी पद्धत आहे, २०१३ साली मांडलेली. हिरव्या चहाची आणि रूइबॉसची (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या चहाची) पिशवी ८ सेंटिमीटर खोल पुरायची आणि सुमारे ९० दिवसांनी काढून दोन्हींचे वजन बघायचे. हिरवा चहा झटपट कुजतो, रूइबॉस सावकाश. ठिकाणाठिकाणांची तुलना याने छान होते, पण तुमच्या जंगलातल्या पानाबद्दल ती काही सांगत नाही.

पाचवी पायरी : कुजण्याचा आलेख वाचणे

तापमानाचा ढोबळ नियम असा, की ओल पुरेशी असेल तर १० अंश वाढीला कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ‘ओल पुरेशी असेल तर’ हे शब्द बहुतेक जण विसरतात. कोरड्या पानाला कितीही ऊब मिळाली तरी बुरशी जागी होत नाही. उलट टोकाला, पाण्यात बुडालेल्या पानापर्यंत प्राणवायू पोचत नाही. हवेच्या मानाने पाण्यात तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. दलदलीत पाने कुजण्याऐवजी थरावर थर साचतात ती यामुळेच. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ना चिखल ना धूळ, तीच स्थिती कुजवणाऱ्या जिवांनाही मानवते.

कोरडे आणि ओले यांची अदलाबदल हा वेगळाच खेळ. दीर्घ कोरडेपणानंतर पहिला पाऊस पडला की मातीतून कर्बवायूचा लोंढा बाहेर पडतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ साली हे मांडले आणि त्याला त्यांचेच नाव आहे. ऋतुमानी जंगलातल्या पिशव्यांचे वजन अनेक महिने जवळजवळ हलत नाही आणि पावसाच्या पहिल्या महिन्यात एकदम घसरते, ते याच चालीने. अशा ठिकाणी महिन्यांच्या हिशेबाने समान अंतराने पिशव्या उचलण्यापेक्षा पहिल्या पावसाच्या आधी आणि लगेच नंतर उचला.

निमवाळवंटी भागात हा नियम पुरता फसतो. तिथे ओलीचा पत्ता नसतानाही पाने झिजतात. पॅटागोनियातल्या प्रयोगांनी २००६ साली दाखवले, की अशा ठिकाणी सूर्यप्रकाशच पानातला कर्ब थेट फोडून हवेत सोडतो. जंगल विरळ असेल तर काही पिशव्यांवर ऊन अडवणारी आडोशाची पट्टी लावून बघा.

पानाची प्रत हवामानाइतकीच बोलते. पातळ, नत्रयुक्त पान लवकर जाते. जाड, मेणचट, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) यांनी भरलेले पान रेंगाळते. व्हर्नन मीन्टेमायर यांनी १९७८ साली दाखवले, की जमीन आणि झाडे मिळून प्रत्यक्षात किती पाणी हवेत सोडतात तो आकडा आणि पानातले लिग्निन, या दोघांवरून कुजण्याच्या वेगाचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर २५-३० च्या बरेच वर असेल तर बुरशी बाहेरून नत्र ओढून आणते आणि पानाचे वजन घटत असताना त्यातले नत्र वाढते. पहिल्यांदा हा निकाल बघणाऱ्याला प्रयोगशाळेची चूक वाटते. चूक नसते.

हवामान पानाची प्रतही बदलते, हा दुहेरी मार आहे. दुष्काळात वाढलेली पाने बहुधा जाड आणि चिवट असतात. म्हणजे कोरडेपणा एकदा थेट कुजणे मंदावतो आणि पुन्हा एकदा पानाच्या कातडीतून. दोन्ही सुटे करायचे असतील तर पिशव्यांची अदलाबदल करा : कोरड्या जागेतली पाने ओल्या जागेत, ओल्यातली कोरड्यात, आणि सोबत दोन्हीकडे एकाच झाडाची, एकाच ढिगातली सामाईक पाने. सामाईक पानांतला फरक म्हणजे जागेचा परिणाम. एकाच जागेतल्या दोन प्रकारच्या पानांतला फरक म्हणजे प्रतीचा परिणाम. माझ्या मते, वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळा, पण ही अदलाबदल गाळू नका.

सहावी पायरी : हिशेब

समजा पाव चौरस मीटरच्या टोपलीत वर्षभरात सरासरी १५० ग्रॅम पडले. चौरस मीटरला ६०० ग्रॅम झाले. १०० ग्रॅम प्रति चौरस मीटर म्हणजे हेक्टरी १ टन, म्हणून हेक्टरी ६ टन. शिलकीसाठी त्याच मापाची चौकट जमिनीवर टाकून आतला सगळा पाचोळा उचला, वाळवा, मोजा. हे वर्षातून तीन-चार वेळा करा, कारण पानगळीच्या आधी आणि नंतर थर कितीतरी वेगळा असतो. सरासरी ४०० ग्रॅम आली असे धरू. जमा भागिले शिल्लक, म्हणजे ६०० भागिले ४०० : कुजण्याचा दर वर्षाला १.५. याचा अर्थ निम्मा पाचोळा संपायला ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले १.५, म्हणजे साधारण साडेपाच महिने, आणि ९५ टक्के संपायला ३ (ढोबळमानाने २० चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले १.५, म्हणजे दोन वर्षे. हे गणित थर वर्षागणिक स्थिर असेल तरच खरे. नुकत्याच लावलेल्या किंवा तोडलेल्या जंगलात ते वापरू नका.

पिशव्यांचा दर वेगळ्या वाटेने निघतो. उरलेल्या वजनाला मूळ वजनाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि काळाबरोबर आलेख काढा. उताराचा आकडा, ऋण चिन्ह काढून, हाच दर. १० ग्रॅमपैकी वर्षाने ६.१ ग्रॅम उरले तर दर सुमारे ०.४९.

आता एकाच जंगलाचे दोन आकडे हातात आहेत, १.५ आणि ०.४९. इथे बरेच जण घाबरून एक आकडा लपवतात. तसे करू नका, या फटीतच माहिती आहे. एक शक्यता अशी, की गांडुळे आणि वाळवी बारीक जाळीबाहेर राहिली, म्हणून पिशवीतला खर्च कमी दिसला. मोठ्या छिद्रांच्या पिशव्या ते लगेच सांगतील. दुसरी, पाचोळा कुजून नव्हे तर उतारावरून घसरून, वाऱ्याने उडून, आगीत जळून किंवा कोणी गोळा करून नेल्याने कमी होतो आहे. त्यासाठी काही पानांवर रंगाचा ठिपका देऊन ती आठवड्याभरात किती सरकली ते बघा आणि थरात कोळशाचे कण शोधा. तिसरी, पिशवीतले पान जंगलातल्या सरासरी पानापेक्षा चिवट निवडले गेले. हे तपासायला मूळ पानांचे एक कोरडे पाकीट लागते. पहिल्याच दिवशी निदान ५० ग्रॅम पाने कागदी पिशवीत, तारीख आणि झाडाचे नाव घालून, कोरड्या जागी ठेवून द्या. नत्र आणि लिग्निन तपासून घ्यायची वेळ दोन वर्षांनी येते, आणि तोपर्यंत जंगलातली ती पाने माती झालेली असतात.